पसंती साडीची, कल माणसाचा

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आलाय. नववीच्या मुलांसाठी तक्ता करायचा आहे, त्यावर कुणाला पुरुषाची ओढ वाटते की बाईची यासाठी 'लैंगिक पसंती' लिहावं की 'लैंगिक कल'? सहकारी म्हणतात दोन्ही एकच. शिवाय हे उपजत असतं की माणूस निवडतो, तेही एका शब्दात सांगता येईल का?

एकच कसं असेल, बाई? 'लैंगिक पसंती' हल्ली इतकं कानावर पडतं की कान किटले. गंमत म्हणजे ते बोलणारे बहुतेक समलिंगी माणसांच्या बाजूनंच बोलत असतात. वकिली करायची आणि मुद्द्याचा शब्द मात्र विरोधी पक्षाला काढून द्यायचा.

पसंत मूळचा फारसी. त्याचं आपल्याकडचं वागणं बघायचं तर आमच्या बेळगावच्या शहापुरात साडी घ्यायला जा. दुकानदार वीस घड्या मोडतो, आपण एकविसावी पसंत करतो. मुलगी बघायला जातात, पोहे खातात, पसंती कळवतात, नाहीतर नापसंती. म्हणजे समोर ढीग हवा आणि नाही म्हणायची सोय हवी. 'निवड' तिचीच धाकटी बहीण. सुपात तांदूळ घ्यायचे, खडे वेगळे काढायचे. चौदा वर्षांच्या पोराला वर्गातल्या कुणाला तरी बघून धडधडायला लागतं, तेव्हा त्याच्यापुढं कुठलं सूप असतं?

व्याकरणानं याचा निकाल कधीच दिलाय. मी निवडतो, मी पसंत करतो, इथं कर्ता मी. पण 'मला तो आवडतो' म्हटलं की कर्ता तो आणि मी बिचारा चतुर्थीत. 'मी आवडलो' म्हणालात तर अर्थच उलटा, तुम्ही दुसऱ्या कुणाला आवडलात. शेजारच्या कन्नडातही 'ननगे इष्ट', मला इष्ट. जीव जडतो, मन बसतं, ओढ लागते. यात माणूस काही करत नाही, त्याला होतं.

आता कल. पारडं कलतं, भिंत कलते, दिवस कलतो. मतमोजणीच्या सकाळी वर्तमानपत्रांच्या हाती 'कल' येतात. महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कलचाचणी घेत, आमची मुलं कर्नाटक बोर्डाची म्हणून त्यातून सुटली. काही पंडित लगेच हा शब्द संस्कृत 'कल्' धातूला नेऊन बांधतात. त्या धातूला मोजणं, जाणं, फेकणं इतके अर्थ दिलेत की वैयाकरण त्याला कामधेनू म्हणतात. कामधेनूकडून व्युत्पत्ती मागायची म्हणजे हवं ते दूध मिळणारच! मला तो पुरावा वाटत नाही. मला पुरावा वाटतो 'कलानं घ्या' हा वाक्प्रचार. हट्टी पोर, म्हातारं माणूस, नवी सून, यांच्या कलानं घ्यायचं. कल त्यांचा, वळायचं आपण. 'पसंतीनं घ्या' असं कुणी म्हणून बघावं.

आणि कल बदलून देतो म्हणणारे डॉक्टर? मद्रास उच्च न्यायालयानं 2021 मध्ये त्यांच्यावर बोट ठेवलं आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असले 'उपचार' हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आयोगाला वाक्प्रचार ठाऊक होता की नाही कोण जाणे, पण केलं ते त्याला धरूनच.

पुण्याकडच्या परिभाषावाल्यांना 'कल' गावठी वाटतो. त्यांचा आग्रह 'अभिमुखता'. अभिमुख म्हणजे तोंड तिकडं केलेला. घर पूर्वाभिमुख बांधायचं की उत्तराभिमुख हे मालक ठरवतो, गवंडी बांधतो. म्हणजे पसंतीच मागल्या दारानं आत आली की! त्यांचा आक्षेप मात्र बिनबुडाचा नाही. भिंत कलली म्हणजे बिघडली, मग कल म्हणण्यात दोष सुचवला जात नाही का, असं ते विचारतात. कल फक्त समलिंगी माणसालाच आहे असं धराल तर सुचवला जातो. बाईकडं कललेला पुरुष हाही कललेलाच. गवंड्याचा ओळंबा लावून सरळ निघेल असा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

उपजत की निवडलेलं, यातला 'की' मला खटकतो. उत्पद्यते, त्याचं प्राकृतात उप्पज्जइ, त्याचं आपलं उपजणं. उपजत म्हणजे जन्माबरोबर आलेलं. पण जे उपजत नाही ते आपोआप निवडलेलं होतं का? आम्हा बेळगावकरांना विचारा. माझी मराठी उपजत नाही. आईच्या पोटातून मी ती घेऊन आलो नाही, शेजारच्या घरात वाढलो असतो तर कन्नड बोललो असतो. पण म्हणून ती मी निवडली? 1956 साली हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून मातृभाषा सोडून दे असं आम्हाला किती तऱ्हांनी सुचवलं गेलं. ती काय साडी आहे, बदलून आणायला? उपजत आणि निवडलेलं यांच्यामध्ये केवढा तरी मुलूख आहे, तोही सीमाभागच म्हणा.

शास्त्रज्ञ याच मुलखात फिरतायत. 2019 मध्ये पावणेपाच लाखांवर माणसांची जनुकं तपासली गेली. समलिंगी असण्याचं एकच एक जनुक सापडलं नाही. पुष्कळ बारीकसारीक जनुकीय फरक मिळून 8 ते 25 टक्के वाटा निघाला. (त्यांनी मोजलं ते वर्तन, कल नव्हे. बातम्यांनी दोन्हीची खिचडी केली, पण तो वेगळा राग.) दुसरीकडं, एकाच आईचे थोरले भाऊ जितके जास्त तितकी धाकट्याचा कल पुरुषांकडं असण्याची शक्यता थोडी वाढते, सावत्र आईच्या मुलांनी वाढत नाही. म्हणजे काहीतरी गर्भातच घडत असावं. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा यांनी हा कल उपजतच म्हटला आणि त्यात माणसाच्या हाती फारसं काही नसतं असंही नोंदवलं. माझ्या मते त्या दोन वाक्यांतलं दुसरं जास्त पक्कं आहे.

यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, बाईच्या वेशात वावरणाऱ्या सौंदत्तीच्या जोगप्पांचं उदाहरण इथं देऊ नका, तो प्रश्न लिंगभावाचा, कलाचा नव्हे. शब्दवेड्यानं तरी ते मिसळू नये. तरी एक सांगतो: मी जोगप्पा व्हायचं ठरवलं, असं तिथं म्हणत नाहीत. यल्लम्मानं धरलं म्हणतात. कर्ता तिथंही दुसराच.

खरं तर मला बोलायचं होतं ते 'ओलवु'बद्दल. कन्नडात 'ओलि' म्हणजे प्रसन्न होणं, मन झुकणं. त्यावरून 'ओलवु', प्रेम आणि कल दोन्ही. 'वालु' म्हणजे एका बाजूला झुकणं. हे दोन्ही एकाच कुळातले असावेत असा माझा जुना संशय. आता आपला 'मायेचा ओलावा' घ्या. ओल हा आर्द्रपासून, प्राकृत ओल्लवरून आला, हे मला मान्य. पाण्याची ओल तिथूनच आली. पण मायेची? नुसत्या भिजण्यातून माया कशी निघेल? भिजलेली भिंत कुणाला प्रेमळ वाटते? माझं म्हणणं असं की 'ओलावा' घरचाच, पण त्यात माया ओतली ती शेजारच्या 'ओलवु'नं. शेकडो वर्षं एका बाजारात दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी दोन जवळचे आवाज आले तर अर्थ इकडचा तिकडं झिरपणारच. धारवाडचे बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडात लिहीत, अशा माणसाच्या कानाला हे सांगावं लागलं नसतं. एका कोशप्रेमी मित्रानं याला 'कुंदा खाऊन सुचलेली व्युत्पत्ती' म्हटलं. त्यांनी आमचा बेळगावी गोड कुंदा खाल्ला, मुद्दा खोडला नाही.

तक्त्यावर 'लैंगिक कल' लिहा. तुमच्या खानापूरकडं जुन्या माणसांच्या ओव्यांत, जात्यावरच्या गाण्यांत मायेसाठी 'ओलवा' असं, 'ल'ला काना नसलेलं रूप ऐकू आलं तर मला तेवढं जरूर कळवा. गावाचं नाव आणि पूर्ण ओळ हवी.