गरज दोन मायक्रोग्रॅमची, मग बी-१२ ची गोळी १५०० ची कशाला?

ताई, तुमचे वडील शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, पायांना मुंग्या येतात आणि तपासणीत बी-१२ कमी निघालं. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम असताना डॉक्टरांनी १५०० ची गोळी का दिली, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे.

बी-१२ आतड्यातून एकटं आत शिरत नाही. जठरातल्या पेशी इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन तयार करतात. ते लहान आतड्यात बी-१२ ला धरतं आणि ही जोडी आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातल्या क्युबिलिन नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरावीक जागेवर, जाऊन बसते. नुसतं बी-१२ आलं तर हा रिसेप्टर त्याला ओळखतच नाही. जोडी बसली की पेशी तिला आत ओढून घेते.

आता हे रिसेप्टर मोजकेच. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखं आहे हे: खाली कितीही गर्दी असो, एका फेरीत बसणार तेवढेच. म्हणून एका वेळी या वाटेने फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातं. रिसेप्टर पुन्हा मोकळे व्हायला काही तास लागतात. पण मोठ्या मात्रेतलं साधारण एक टक्का बी-१२ रिसेप्टरशिवाय, आपसूक झिरपतं. १५०० चा एक टक्का म्हणजे १५ मायक्रोग्रॅम, गरजेच्या कितीतरी पट. गोळी मोठी असते ती एवढ्यासाठीच, आणि जोडीचं गणित बिघडलेल्या माणसालाही ती उपयोगी पडते ती याचमुळे.

वडिलांच्या बाबतीत ते बिघडलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. रिसेप्टरवर जोडी बसायला कॅल्शियम लागतं आणि मेटफॉर्मिन नेमकं तिथेच आडवं येतं, असं मानलं जातं. पण म्हणून मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. शुगर वाढली तर नसांचं आणखी नुकसान होईल. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दुधातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटं व्हायला जठरात आम्ल हवं आणि ही गोळी तेच कमी करते.

आहाराचं म्हणाल तर आपली ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी कितीही पौष्टिक असली, तरी त्यात बी-१२ नाही. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. तेव्हा दूध-दही चालू ठेवा, पण झालेली कमतरता त्याने भरून निघणार नाही.

मुंग्या ही नसांना झळ पोचल्याची खूण असू शकते, म्हणून इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात आतड्याचा सगळा रस्ताच टळतो. आणि कुणी सांगितलं म्हणून नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, नसांची झीज मात्र आत चालूच राहते.