ताक घालायचं ते आंबील निवल्यावर

प्रश्न : वय ४६. सोलापूरच्या पूर्व भागात राहते, घरी विड्या वळते. दिवाळीनंतर टायफॉइड झाला, १४ दिवस अँटिबायोटिक घेतलं. ताप गेला, पण पोट गुबारतं, मधूनच पातळ होतं. म्हणून भाकरी सोडून साबुदाणा आणि पावावर आहे. मेडिकलमधून प्रीबायोटिक-प्रोबायोटिक एकत्र असलेल्या कॅप्सूल आणल्यात. त्यानं आतड्याचं अस्तर सांभाळलं जातं का? कंबर धरते म्हणून रोज सकाळी एक दुखण्याची गोळीही घेते.

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या दुखणं थांबवताना जठर आणि आतड्याचं अस्तर राखणारी रसायनंही कमी करतात. ती गोळी रोज पोटात जात असेल, तर महागडी कॅप्सूल घेऊन काय उपयोग? आधी त्या गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आता कॅप्सूलचं. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू, प्रीबायोटिक म्हणजे त्यांचा चारा. दोन्ही एकत्र आले की सिनबायोटिक; हा शब्द १९९५ पासूनचा. आपल्या ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सात दिवसांच्या डोसानं जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. मला या कामाचं फार अप्रूप आहे. पण तिथला जिवाणू ठरावीक होता, चाराही ठरावीक. ते श्रेय मेडिकलमधल्या कुठल्याही पाकिटाला देता येणार नाही. उलट २०१८ च्या एका इस्रायली अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळ जिवाणू परतायला जास्त वेळ लागला.

आतड्याचं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं आणि दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. मोठ्या आतड्यातल्या या पेशींना बरीचशी ताकद ब्युटिरेट नावाच्या आम्लातून मिळते, आणि ते जिवाणू तयार करतात आपण खाल्लेल्या चोथ्यातून. चोथाच मिळाला नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की उपाशी जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थरच खायला लागतात. साबुदाण्यात नि मैद्याच्या पावात चोथा जवळजवळ नाहीच. भाकरी सोडलीत, तिथं घोटाळा झाला.

माझी आई उन्हाळाभर आंबील करायची. ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात कालवून मडक्यात झाकून ठेवायची. सकाळी वर बारीक बुडबुडे आलेले असायचे. ते उकळत्या पाण्यात सोडून, गुठळी न होऊ देता, रटरट शिजवायची. मग उतरवून ठेवायची. मला घाई असायची, मी ताकाचं भांडं घेऊन उभी. ती आंबिलीत करंगळी बुडवून बघायची आणि म्हणायची, "अजून चटकतंय, थांब." पूर्ण निवल्यावरच ताक, मीठ, जिरं. ताक फाटू नये म्हणून ती थांबायची. पण गरम आंबिलीत ताकातले जिवाणूही मेले असते, आणि शिजलेलं पीठ निवताना त्यातला थोडा स्टार्च असा बनतो की तो न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. चारा आणि जिवाणू, दोन्ही एकाच वाटीत. घरच्या ताकातल्या जिवाणूंची औषधासारखी तपासणी झालेली नसते, एवढा फरक ध्यानात ठेवा.

तुम्ही अर्ध्या वाटीनं सुरुवात करा, ताक ताजं घ्या. लसणीची फोडणी आठवडाभर नको. लसूण-कांद्यानं आत्ता वायू वाढेल. मग हळूहळू अर्धी भाकरी, नंतर एक. आणलेली कॅप्सूल संपवायची असेल तर महिनाभर घेऊन बघा, फरक नसेल तर पुन्हा विकत घेऊ नका.

शौचातून रक्त, काळी शी, उतरणारं वजन किंवा परतलेला ताप, यांतलं काहीही दिसलं तर आंबील करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पुढच्या पत्रात त्या दुखण्याच्या गोळीच्या पट्टीवरचं नाव नक्की लिहा.