कातडीचा रंग सारखाच असताना आपल्याकडे भेदभाव होतो तरी कसा?

आपण एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत: जातिभेद हा वंशभेदाचाच प्रकार मानावा का, अमेरिकेसारखा रंगाचा फरक नसताना आपल्याकडे माणूस ओळखला जातो तरी कसा, आणि सर्वांनीच आडनावे लावणे सोडून दिले तर हा प्रश्न निकालात निघणार नाही का. पहिल्या दोन प्रश्नांवर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. तिसऱ्या प्रश्नावर मात्र आमच्या घरात २७ वर्षे वाद चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझे आडनाव कांबळे. सातारा-सांगलीकडच्या वाचकाला यापुढे काही सांगावे लागू नये. १९९८ साली मी साताऱ्यात एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो आणि खोली शोधू लागलो. माझ्याबरोबर थोरला भाऊ होता. त्याने त्याआधी तीन वर्षे राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून आमच्या गावाच्या नावाला ‘कर’ जोडून घेतला होता आणि त्या आडनावावर पुण्यात त्याचे बरे चालले होते. वरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या माडीवर खोली होती. भाडे ५०० रुपये आणि अनामत १५००. मालकीणबाईंनी पाण्याचे तांबे-भांडे पुढे ठेवले आणि विचारले, “आडनाव काय म्हणालात?” आम्ही अजून काहीच म्हणालो नव्हतो. मी तोंड उघडण्याआधी दादाने आपले आडनाव सांगून टाकले. “म्हणजे मूळचे कोण तुम्ही?” “शेतकरी माणसं आम्ही, काकू.” गावाकडे आमच्या नावावर वीस गुंठे होते, तेव्हा कागदोपत्री हे खोटे नव्हते. “आणि कुलदैवत?” “जोतिबा.”

आडनावापेक्षा हे उत्तर मला अधिक लागले. जोतिबा आमच्या भागात सगळ्यांचाच, त्यामुळे ते उत्तर कुठल्याही कुलूपाला लागणाऱ्या किल्लीसारखे होते आणि दादाने ते विचारपूर्वक निवडले होते. परंतु आमच्या वडिलांनी बौद्ध धर्म स्वीकारल्यानंतर देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते, आणि त्यावरून आजीने त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता. त्या माणसाचे दोन मुलगे पाटावर बसून पाचशे रुपयांच्या खोलीसाठी जोतिबाचे नाव घेत होते. मी गप्प बसलो, तेव्हा त्यात माझाही वाटा निम्मा आहे.

नऊ महिने मी त्या वाड्यात राहिलो. काकू वाईट नव्हत्या, हे मला आवर्जून सांगायचे आहे. पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा त्यांनी तीन दिवस मऊ भात वर पाठवला. पण त्या मला दादाच्या आडनावाने हाक मारीत आणि दुसऱ्या हाकेशिवाय मी वळत नसे, “ऐकायला कमी येतं का रे तुला?” असे त्यांनी एकदा काळजीने विचारलेही. कार्यालयात मी कांबळे होतो आणि वाड्यात दुसराच कोणी, त्यामुळे एकाही सहकाऱ्याला खोलीवर चहाला बोलावता आले नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीहून परतताना एसटी स्टँडवरच्या नळाखाली डोके धरून मी केसांतला निळा गुलाल धुतला. कानामागे राहिलेला निळा डाग काकूंनी पाहिला आणि “शाई सांडली का?” असे विचारले. मी हो म्हणालो. लिपिकाच्या कानामागे शाई सांडते कशी, हे त्यांनी विचारले नाही.

मे महिन्यात विभागीय परीक्षेचे प्रवेशपत्र रजिस्टर टपालाने आले. पोस्टमन चौकात उभा राहून माझे पूर्ण नाव मोठ्याने वाचू लागला. काकू तुळशीपाशी होत्या. “इथं कोणी कांबळे राहत नाहीत,” त्या अगदी सहज म्हणाल्या, आणि त्यांच्या माहितीप्रमाणे ते खरेच होते. मी जिन्यात उभा होतो. पोस्टमन पाकीट पिशवीत परत घालू लागला, तेव्हा मी खाली उतरलो आणि सही केली. प्रवेशपत्राऐवजी दुसरे काही टपाल असते तर उतरलो असतो की नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

काकू एक शब्द बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी चहा आला, पण तो हातात न देता जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलेला होता, आणि रोजच्या स्टीलच्या पेल्याऐवजी कान तुटलेल्या कपात होता. आठ दिवसांनी त्यांनी सांगितले की मुलगी बाळंतपणाला येणार आहे, खोली लागेल. जातीचा उच्चार ना त्यांनी केला, ना मी. पुढे दिवाळीच्या सुमारास त्या पेठेतून जाताना मी मान वर करून पाहिले, तर माडीच्या खिडकीत मी बांधलेल्या दोरीवर कोणा मुलाचे दोन शर्ट वाळत होते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. माणूस डोळ्यांनी ओळखला जात नाही. तो विचारून ओळखला जातो, आणि न विचारता कळले तर कागदावरून. आडनाव, गाव, गावात घर कुठल्या बाजूला, कुलदैवत, लग्न कुठल्या पद्धतीने लावता, सोयरे कुठले, या पाच-सहा प्रश्नांच्या चाळणीतून सहसा कोणी सुटत नाही. अमेरिकेत तरी रंग पाहिला की काम भागते, हा आपला समज अर्धाच खरा आहे. १८९२ साली न्यू ऑर्लिन्समध्ये होमर प्लेसी नावाचा माणूस गोऱ्यांच्या डब्यात बसला, तेव्हा तो दिसायला गोराच होता. त्याच्या पूर्वजांत कृष्णवर्णीय अंश एक अष्टमांश होता, आणि भेदभावाच्या कायद्याला आव्हान देण्यासाठी त्याला ते कंडक्टरला सांगावे लागले. सांगितल्यावर अटक झाली. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे ठेवणे वैध ठरवले, आणि त्या निकालाच्या आधारावर तिथे पुढची अर्धशतकाहून अधिक वर्षे माणसे वेगळी ठेवली गेली.

त्यानंतर पाचच वर्षांनी आमच्या जिल्ह्यात तसेच घडले. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव (म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर), त्यांचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांकडे निघाली; वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले पाडळीला गाडीत बसली आणि मसूरला उतरली. अंगावर चांगले कपडे होते, त्यामुळे स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. त्याने चौकशी केली आणि भीमरावांनी भाबडेपणाने “आम्ही महार” असे सांगून टाकले. त्या क्षणी मास्तरचा चेहरा कसा पालटला, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. दुप्पट भाडे देऊनही कोणी गाडीवान त्यांना नेईना. शेवटी गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर पाणी मागताना त्यांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले आणि उर्दूत बोलले. पाणी मिळाले नाही ते नाहीच. मसूरवरून जाताना गाडी आजही दोन मिनिटे थांबली की मला काकूंचा चौक आठवतो.

यावर दादाचा मुद्दा ठरलेला असतो. तो म्हणतो, बाबासाहेबांचे तरी आडनाव कुठे मूळचे होते? घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे, आणि साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी प्रवेश झाला तो ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाने. तोही ‘कर’च, आणि माझाही ‘कर’च. मुद्दा बिनतोड वाटतो, पण आहे पोकळ. आंबेडकर या आडनावामागे बाबासाहेब लपले नाहीत, त्यांनी ते असे लावले की आज ते ऐकून कोणी “म्हणजे मूळचे कोण?” असे विचारत नाही. आडनाव बदलणे हा गुन्हा नाही. बदललेल्या आडनावाच्या आडोशाला बसून राहणे, याला माझा विरोध आहे.

शिवाय लपून सरकारपुढे चालत नाही. समाजापुढे जे झाकायचे, तेच जात पडताळणी समितीपुढे सिद्ध करावे लागते. दादाच्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता, तेव्हा जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागला. मग हेच दादा गावच्या शाळेत आले, आणि मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून काढलेल्या वाळवी लागलेल्या रजिस्टरात आम्ही दोघांनी बोट फिरवत आजोबांचे नाव शोधले. जातीच्या रकान्यात वळणदार अक्षरात ‘महार’ लिहिलेले होते. दादाने त्या पानाच्या चार साक्षांकित प्रती घेतल्या आणि नावबदलाचे राजपत्र, प्रतिज्ञापत्र, वंशावळ असे सगळे जोडून दोन आडनावांचा माणूस एकच असल्याचे शाबीत केले. तेवढ्या दिवसांत त्याने मला आडनावावरून एकही टोमणा मारला नाही.

कायद्याविषयीही थोडे सांगतो, कारण खोली नाकारणे हा घरमालकाचा खासगी अधिकार आहे असे बहुतेकांना वाटते आणि मलाही तसेच वाटत होते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, कोणत्याही वस्तीत राहते घर मिळवण्यास किंवा वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा आहे; आणि बाधित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत कारण तेच होते असे न्यायालय गृहीत धरते. अमेरिकेचा घरांविषयीचा कायदा १९६८ चा, म्हणजे आपल्यानंतरचा, आणि त्यातही मालक स्वतः राहतो अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला सूट आहे. वंशावरून नकार देण्याला मात्र १८६६ चा जुना कायदा आड येतो, हे १९६८ सालीच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. कागदावर आपण मागे नाही. पण मुलीचे बाळंतपण हे असे कारण आहे की त्याच्या विरुद्ध फिर्याद नोंदवायला ठाण्यात जाणारा माणूस अजून मला भेटायचा आहे.

राहिला आपला पहिला प्रश्न. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीच मांडले आहे: पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, आणि तेच मद्रासेतही खरे आहे. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखवले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. २००१ साली डर्बनला भरलेल्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत आपल्या सरकारने जात हा वंशभेदाचा विषय नाही अशी भूमिका घेतली. ती शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आणि हेतूच्या दृष्टीने पळवाट होती, असे माझे मत आहे. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात रंगाबरोबर ‘जन्मपरंपरा’ हाही शब्द आहे, आणि काकूंच्या चौकात माझे जे झाले ते त्याच शब्दात बसते.

आता काही गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. काकूंच्या वाड्यातून निघाल्यावर गोडोलीत ज्या गृहस्थांकडे खोली घेतली, त्यांना मी दारातच आडनाव सांगितले, ते एवढेच म्हणाले, “भाडं पाच तारखेला, आणि पाणी पहाटे येतं.” तिथे मी सहा वर्षे राहिलो, तेव्हा सगळे सातारा एका काकूंवरून जोखू नये. खोली शोधणाऱ्या मुसलमान सहकाऱ्याला माझ्याहून जास्त दारे फिरावी लागली, हेही मी पाहिले आहे. त्याच्याकडे तर बदलायला आडनावही नव्हते. आणि गेल्या वर्षी माझ्या मुलाने पुण्यात फ्लॅटसाठी एजंटाला नाव कळवताना स्वतःचे आणि माझे नाव लिहिले आणि तिथेच थांबला. त्याने मला विचारले नव्हते. मीही त्याला काही बोललो नाही, आणि तेव्हापासून दादा फोनवर फार खुशीत असतो.

तरीही आपल्याला विचारायचेच असेल तर माझे उत्तर असे की आडनाव काढू नका आणि झाकू नका. खोली पाहायला गेलात तर पहिल्या वाक्यात सांगा. नकार यायचाच असेल तर तो अनामत देण्याआधी आलेला बरा. माझे १५०० रुपये काकूंनी परत दिले, त्यातले ६० दिव्याच्या बिलापोटी कापून. ते ६० रुपये दादाकडे निघतात असे माझे म्हणणे आहे. दादा म्हणतो, टपालाचा पत्ता कार्यालयाचा दिला असतास तर ते निघालेच नसते.