प्रश्न तुमचे : ऑफिसचं सॉफ्टवेअर फोनवर आणताना

या वेळी आलेली बहुतेक पत्रं माल वितरकांची आहेत. ऑफिसात वर्षानुवर्षं चाललेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर आता लाइनवर फिरणाऱ्या सेल्समनच्या हातात हवं आहे आणि तिथे घोडं अडलंय. सॉफ्टवेअर तेच राहतं, फक्त पडदा लहान होतो, हा समज जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसतो.

प्रश्न : आमचे अकरा सेल्समन आहेत. मी स्वतः फोनवरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसचा कॉम्प्युटर उघडतो आणि येणेबाकी बघतो, छान चालतं. सगळ्यांना हेच दिलं तर? वेगळ्या ॲपचा खर्च कशाला?
– किराणा माल वितरक, सांगली

तुमच्यापुरतं ते ठीक आहे. दिवसातून दोनदा, एकट्याने, नुसतं बघायचं असेल तर ॲप बनवण्यात पैसे घालू नका.

अकरा जणांचं गणित वेगळं आहे. विंडोज प्रोवर रिमोट डेस्कटॉपने एका वेळी एकच जण बसू शकतो. दुसरा आला की पहिला बाहेर. होम आवृत्तीत तर बाहेरून बसू देण्याची ही सोयच नाही. सगळ्यांना एकाच वेळी काम करायचं तर विंडोज सर्व्हर आणि माणशी परवाने घ्यावे लागतात. तो खर्च मांडून बघा, ॲप तितकं महाग वाटणार नाही.

दुसरी अडचण बोटांची. साडेसहा इंची फोन आडवा धरला की पडद्याची उंची साधारण ६८ मिलिमीटर भरते. ऑफिसच्या १९२० बाय १०८० पडद्यावर २० पिक्सेल उंचीची ओळ तिथे सव्वा मिलिमीटरची होते. अँड्रॉइडच्या स्वतःच्या शिफारशीप्रमाणे बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावी लागते. मग सेल्समन चिमटीने पडदा मोठा करतो, सरकवतो, आयटम निवडतो, नग टाकायला गेला की कीबोर्ड वर येऊन अर्धा पडदा झाकतो. शिवाय जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये निम्मं काम एंटर आणि एफ-कळांवर चालतं. त्या कळा फोनवर आणायच्या तर आणखी दोन वेळा दाबादाबी. दुकानदार तेवढा वेळ काउंटर सोडून उभा राहत नाही.

हे घाईत सुरू करताना बरेचजण राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, सरळ इंटरनेटला उघडं करतात. असं उघडं पोर्ट शोधून पासवर्ड मारून बघणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात, आणि सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे याच दाराने आत येतात. रिमोट वापरायचंच असेल तर व्हीपीएनच्या, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या सुरक्षित खासगी मार्गाच्या, आतून वापरा, आणि पोर्ट आजच बंद करा.

ॲपच बनवायचं ठरलं तर उभ्याने होणारं काम तेवढंच फोनवर आणा : ऑर्डर, वसुलीची पावती, पार्टीची बाकी, फार तर परत आलेला माल. लेजर दुरुस्त्या, रेट मास्टर, जीएसटीचे अहवाल टेबलावरच राहू द्या. ऑर्डरच्या पडद्यावर त्या दुकानाची मागची ऑर्डर आधीच भरलेली दिसावी, म्हणजे सेल्समनला फक्त नग बदलायचे उरतात.

प्रश्न : आमचं ॲप ‘ऑफलाइन चालतं’ म्हणून घेतलं. घाटातल्या गावांत रेंज नसते. आता काही ऑर्डरी दोनदा पडतात, काही पडतच नाहीत, आणि बिलांचे नंबरही एकसारखे येतात. ॲप खराब आहे की आमचे लोक?
– बिस्किट व फरसाण वितरक, चिपळूण

लोकांना बोल लावू नका. ‘ऑफलाइन चालतं’ याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की नेट नसताना पडदा उघडतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

ऑर्डर दोनदा का पडते? फोनने ऑर्डर पाठवली, सर्व्हरने ती नोंदवली, पण ‘मिळाली’ हे उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला वाटतं पोचली नाही, तो पुन्हा पाठवतो. सर्व्हरच्या लेखी ही नवी ऑर्डर. यावर उपाय असा : सेल्समनने ऑर्डर सुरू केली त्याच क्षणी फोनने तिला जगात दुसरीकडे नसेल असा लांबलचक ओळखक्रमांक द्यायचा. डेव्हलपर त्याला यूयूआयडी म्हणतात. सर्व्हरच्या टेबलात तो क्रमांक दुसऱ्यांदा शिरणारच नाही अशी अट घालायची, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. डेव्हलपर जर ‘दहा मिनिटांत त्याच पार्टीची तीच ऑर्डर आली तर गाळू’ असा तोडगा सुचवत असेल तर नाही म्हणा. दुकानदार खरंच पुन्हा तेवढाच माल मागवतो, तेव्हा ती ऑर्डर गायब होईल.

न पडलेल्या ऑर्डरींचं कारण बहुधा वेगळं. ॲप अडकलं की माणूस ते काढून पुन्हा टाकतो किंवा सेटिंगमध्ये जाऊन डेटा साफ करतो. त्यासोबत न पाठवलेल्या ऑर्डरीही जातात. म्हणून पडद्याच्या माथ्यावर ‘न पाठवलेल्या : ७’ अशी लाल पट्टी कायम दिसली पाहिजे, आणि ती शून्य होईपर्यंत लॉगआउट होऊ देऊ नये. पाठवण्याचं काम मागच्या मागे होईल यावरही विसंबू नका. अँड्रॉइडमध्ये ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कामाला किमान १५ मिनिटांचं अंतर असतं, आणि अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन निपचित पडला की अशी कामं बॅटरी वाचवायला आणखी पुढे ढकलली जातात. काही कंपन्यांचे फोन तर ॲप सरळ बंद करून टाकतात. प्रत्येक फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या ॲपला निर्बंधमुक्त करा आणि ‘आत्ता पाठवा’ असं बटण ठळक ठेवायला सांगा.

साठ्याचा घोळ तुम्ही लिहिलेला नाही, पण होत असणार. गोदामात ४० पेट्या आहेत हे सकाळी दोन सेल्समनच्या फोनवर गेलं, दोघांनी दोन गावांत तीस-तीस विकल्या. यावर तांत्रिक जादू नाही. फोनवरचा साठा ‘सकाळी ९.१० चा’ असा वेळेसह दाखवावा, आणि ऑर्डर ही ऑफिसने मान्य करेपर्यंत मागणीच समजावी. फोनने ‘साठा आता १०’ असा आकडा पाठवायचा नसतो. ‘३० कमी’ ही हालचाल पाठवायची असते. नाहीतर दुसऱ्याचा आकडा पहिल्याचा पुसून टाकतो.

आता बिल नंबर. ‘सगळ्या बिलांना एकच सलग मालिका हवी, म्हणून फोनवर बिल होऊच शकत नाही’ असं काही सल्लागारही सांगतात. केंद्रीय जीएसटी नियमावली २०१७ मधला नियम ४६ एक किंवा अनेक मालिकांना परवानगी देतो. अटी अशा : क्रमांक सलग असावा, १६ चिन्हांपेक्षा मोठा नसावा, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच असावं, आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. तेव्हा प्रत्येक फोनला स्वतःची मालिका द्या. उदाहरणार्थ तिसऱ्या फोनला २६-२७/०३/००१२७. ही १४ चिन्हं झाली. तुमचे नंबर एकसारखे येतात कारण सगळे फोन एकाच मालिकेतला पुढचा नंबर स्वतःच काढत असणार. फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं तर एकतर नवी मालिका द्यावी किंवा सर्व्हरवरून शेवटचा नंबर आणल्याशिवाय बिल होऊ नये. नाहीतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

एक मर्यादा मात्र खरी आहे. २०१७-१८ पासून कोणत्याही आर्थिक वर्षात तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत दुकानदाराच्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागतं. त्याचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा ओळखक्रमांक, सरकारी पोर्टलवरूनच मिळतो. तो फोनला स्वतः बनवून चालत नाही. अशा पार्टीकडे रेंज नसताना फक्त ऑर्डर घ्या. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानाच्या बिलाला ही अट नाही.

पुढचे पैसे देण्याआधी डेव्हलपरसमोर एवढं करून बघा. ‘पाठवा’ दाबल्या दाबल्या विमान मोड लावा, मिनिटाने काढा; सर्व्हरवर ऑर्डर एकच दिसली पाहिजे. फोनची तारीख दोन दिवस मागे करा आणि ऑर्डर टाका. सर्व्हरने स्वतःची वेळही नोंदवली पाहिजे. ऑर्डर अर्धी भरलेली असताना फोन बंद करून चालू करा. ओळी जागेवर दिसल्या पाहिजेत.

प्रश्न : ब्लूटूथ प्रिंटरवर इंग्रजी बिल नीट येतं. मराठी नावं टाकली की प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं छापली जातात. प्रिंटर बदलू का?
– दूध संकलन केंद्रचालक, अहिल्यानगर जिल्हा

एवढ्यात नको. ५८ मिलिमीटर कागदाच्या स्वस्त प्रिंटरमध्ये सहसा इंग्रजी आणि काही परदेशी लिप्यांचे ठसे भरलेले असतात, देवनागरीचे नसतात. मराठी अक्षर पाठवलं की तो जे सापडेल ते छापतो. ठसे भरले तरी भागत नाही, कारण जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवायचं काम त्याला येत नाही. फोनला ते येतं. म्हणून फोनवरच मजकूर रेखाटून त्याचं काळंपांढरं चित्र करायचं आणि चित्र छापायला पाठवायचं.

या प्रिंटरच्या एका ओळीत ३८४ ठिपके असतात. इंग्रजीचं नेहमीचं अक्षर १२ ठिपके रुंद, म्हणून ओळीत ३२ अक्षरं बसतात. चित्र नेमकं ३८४ ठिपक्यांचंच करा. प्रिंटरने लहान-मोठं केलं की मात्रा तुटतात. अक्षराची उंची २४ ठिपक्यांच्या खाली नेऊ नका, ‘ष्ट्य’ आणि ‘द्ध’चा गोळा होतो.

चित्राची किंमत वेगात मोजावी लागते. दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पावतीला १२०० ओळी, ओळीमागे ४८ बाइट, एकूण ५७,६०० बाइट. तीच पावती अक्षरांत पाठवली तर एक-दीड हजार बाइटांत भागतं. सगळं एकदम ढकललं की प्रिंटरची छोटी मेमरी भरते आणि पावती मध्येच तुटते किंवा खाली कचरा छापला जातो. चित्राचे २४-२४ ओळींचे तुकडे करून, प्रत्येकानंतर किंचित थांबून पाठवायला सांगा. संकलनाला रांग असते, तेव्हा फक्त उत्पादकाचं नाव आणि शीर्षक चित्र म्हणून छापा. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर आणि रक्कम प्रिंटरच्या स्वतःच्या अंकांत. पावती झटकन निघते.

जाता जाता : मराठी कीबोर्डवरून कोणी ‘१२’ असे देवनागरी अंक टाकले तर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या ॲपला तो आकडाच वाटत नाही. काही ॲपं त्याचा शून्य धरतात. नगाच्या आणि लिटरच्या रकान्यात फक्त अंकांचा कीबोर्ड उघडावा, आणि तरीही देवनागरी अंक आलेच तर ते बदलून घ्यावेत.

प्रश्न : ॲप प्ले स्टोअरवर टाकणं सक्तीचं आहे का? आणि एकदा टाकलं की पुढे खर्च नाही ना?
– औषध वितरक, नाशिक

सक्तीचं नाही. तुमच्याच लोकांसाठी असेल तर गूगलच्या व्यवस्थापित स्टोअरमधून खासगी ॲप म्हणून देता येतं. ते बाहेरच्यांना दिसत नाही. जाहीरच ठेवायचं असेल तर खातं व्यक्तीच्या नावावर न काढता कंपनीच्या नावावर काढा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद (निवडक लोकांपुरती) चाचणी करून घ्यावी लागते. नोंदणी गूगलकडे एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९.

पुढचा खर्च नाही, हा समज सोडा. गूगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची अट वाढवतं. ती पाळली नाही तर सुधारित आवृत्ती चढवता येत नाही. वार्षिक देखभालीचा करार आधीच करा. आणि ॲपवर सही करायची किल्ली, म्हणजे कीस्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड, डेव्हलपरकडून लेखी ताब्यात घ्या. फाइल थेट वाटत असाल आणि ती किल्ली हरवली तर जुन्या ॲपवर नवं चढत नाही. जुनं काढावं लागतं, आणि त्याबरोबर फोनमधला न पाठवलेला डेटाही जातो.

प्रश्न : ॲपवाला म्हणतो, राउटरमध्ये १४३३ पोर्ट उघडा, ॲप थेट आमच्या डेटाबेसला जोडू. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तर असंच चालतं. हरकत काय?
– हार्डवेअर व रंग विक्रेता, कोल्हापूर

ऑफिसात भिंतीच्या आत चालतं ते बाहेर चालत नाही. अँड्रॉइड ॲपची फाइल म्हणजे मुळात एक झिप असते. ती उघडून आत लिहिलेला डेटाबेसचा पासवर्ड काढणं जरा जाणकार माणसाला काही मिनिटांचं काम. तो मिळाला की फक्त ऑर्डरी दिसतात असं नाही. खरेदीचे दर, सगळ्यांची उधारी, सगळंच उघडं पडतं. मध्ये एक सर्व्हर-प्रोग्राम, म्हणजे एपीआय, हवाच. फोन त्याच्याशी बोलतो, आणि कोणाला काय द्यायचं ते तो ठरवतो. नको म्हणणारा डेव्हलपर बदला.

प्रत्येक सेल्समनला स्वतःचं लॉगिन द्या. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. सगळे फोन ‘सेल्स’ या एकाच नावाने आत आले तर त्या नोंदीतून कोणी काय केलं ते कळणार नाही. फोन हरवला तर तेवढं एक लॉगिन ऑफिसातून तोडता आलं पाहिजे. तोडून बघा, ते फोनवर लगेच लागू होतं का.

प्रश्न : मुलगा म्हणतो, ॲपच नको, वेबसाइट बनवून होम स्क्रीनवर टाकू. आयफोनवरही चालेल. बरोबर आहे का?
– कापड दुकानदार, सोलापूर

नेट कायम असेल आणि बघण्याचंच काम असेल तर मुलगा बरोबर आहे, स्वस्तात होईल. आयफोनवर मात्र वेबसाइट होम स्क्रीनवर टाकायला लावाच. सफारीतच वापरली आणि सात दिवस सफारी वापरूनही त्या साइटला हात लावला नाही, तर तिने फोनमध्ये साठवलेला डेटा पुसला जातो. सूचनाही (नोटिफिकेशन) होम स्क्रीनवर टाकलेल्यालाच, आणि आयओएस १६.४ पासून पुढेच मिळतात. ब्लूटूथ प्रिंटरवर छापायचं असेल तर सफारीत ती सोय नाही. तेव्हा काउंटरवर अँड्रॉइड फोन ठेवा.