दारूला दारू म्हण

बेटा,

तू वर्गात दारू वाईट म्हणून शिकवलंस, तेव्हा तिसरीतल्या त्या पोट्ट्यानं विचारलं, "मॅडम, मग माझे बाबा वाईट हाये का?" आणि तू फळा पुसायला वळलीस. तुझ्या चार पानी पत्रातली एवढीच ओळ मी दोनदा वाचली. प्रभातफेरी, चित्रस्पर्धा, शपथ हे सगळं फाइलीत लावून टाक.

दारू काय असते हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उन्हाळ्यात पहाटे मायसोबत मोहफुलं वेचणारं पोर ते. फूल कसं सुकवतात, भिजवलं की कसं आंबतं, सगळं पाठ. तेच त्याला वर्गात सांगू दे. मोहातल्या साखरेचीच आंबताना दारू होते, एवढी भर तू घाल. पण मोहाला शिव्या देऊ नकोस. त्याच फुलाचे लाडू होतात, आणि काही घरांत देवापुढे थेंब सांडल्याशिवाय पूजा होत नाही. तू 'पाप' म्हटलंस की पोरगं शाळा आणि घर यातलं घर निवडेल. निवडावंच त्यानं.

आता माझी चूक ऐक. तीसेक वर्षांपूर्वी एका पोट्टीचा बाप शाळेच्या फाटकाशी पिऊन पडला होता. सारा वर्ग बघत होता. मी म्हणालो, "ताप आलाय त्यांना, चला आत." दुसऱ्या दिवशी ती आली, "गुरुजी, बाबासाठी तापाची गोळी द्या." दिली. चार दिवस दिली. रोज पिणाऱ्याच्या यकृताला ती गोळीही घातक ठरू शकते, हे मला फार पुढे कळलं. पाचव्या दिवशी ती आली नाही. पुढे चौथी पास होईपर्यंत तिनं मला काहीच विचारलं नाही. दारूला दारू म्हणायचं होतं, बस.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली बंदी आली तेव्हाही मी वर्गात सांगितलं, "आता दारू संपली." मागच्या रांगेतले पोट्टे हसले. 2021 मध्ये बंदी उठली, तोवर मी तो विषयच काढला नाही. वर्षानुवर्षं खोटं बोललो की गप्प राहिलो. तू दोन्ही करू नकोस.

त्याला सांग, "बाबा दारू पितात. रोज प्यायली की सोडणं फार कठीण जातं. ते तुझ्यामुळे पीत नाहीत, आणि सोडवणं तुझं काम नाही." वाईट की चांगले, हा निवाडा करू नकोस, तो आपला नाही. रात्री भीती वाटली तर कोणाच्या घरी जाशील, हे त्याच्याच तोंडून काढ. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर पाठ करून घे. पण आधी दारूला दारू म्हण. किती वेळा लिहू?

खर्ऱ्याचं, त्या घोटलेल्या सुपारी-तंबाखूचं, तर मी कोणत्या तोंडानं बोलू! "जा रे, एक खर्रा घोटून आण," असं पोट्ट्यांना मीच पाठवायचो. तूही दोनदा आणलास, आठवत असेल. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायची नाही, असा 2003 चा कायदा आहे. ठेला होता चाळीस पावलांवर आणि पहिलं गिऱ्हाईक मी. चार वर्ग एकट्याकडे, दुपारी झापड यायची, आणि तेव्हा सगळेच पाठवत. सबब म्हण हवं तर.

शेवटच्या वर्षी मात्र एक केलं. पोट्ट्यांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. सगळ्यांची गेली. मग माझी घालून दाखवली. दोनच गेली. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडते, हे सांगितलं. एकानं विचारलं, "मग गुरुजी, अजून काहून खाता?" म्हटलं, "सुटत नाही बाप्पा." संध्याकाळी परत ठेल्यावर थांबलो. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा तेही सांगितलं.

तुझा गुरुजी