मायनरला सिनेमा घेतला तर मुलीचं नुकसान होईल का?

प्रश्न : आम्ही पारोळा तालुक्यातले, शेती करतो. थोरली लेक बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र घ्यायचं ठरलंय. कॉलेजच्या मायनरच्या, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाच्या, यादीत 'चित्रपट व माध्यम अभ्यास' आहे आणि ती त्यावरच अडून बसलीय. तिचे मामा म्हणतात राज्यशास्त्र घे, एमपीएससीला कामाला येईल. तिची आजी म्हणते, "पिच्चर देखीसन पोट भरस का?" काय करावं? आणि घेतलाच तर कॅमेरा, लॅपटॉपचा खर्च किती?
– एक पालक

उत्तर :

नमस्कार भाऊ,

आजींच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण नेमका प्रश्न त्यांनीच विचारलाय. पोट भरायचं काम मायनरचं नाहीच, ते मेजरचं. राज्याच्या २०२३ च्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट (अभ्यासाचं वजन मोजायचं एकक) आहेत आणि त्यात मायनरला साधारण १८ ते २०. म्हणजे सगळ्या पदवीचा जेमतेम १५ टक्के वाटा. तेवढ्याने मुलगी दिग्दर्शक होणार नाही आणि तेवढ्याने तिचं अर्थशास्त्रही बुडणार नाही. तुमची भीती आणि तिची आशा, दोन्ही जरा मोठ्याच आहेत.

आधी एक खात्री करून घ्या. ती ज्याला मायनर म्हणतेय तो खरंच मायनर आहे की ओपन इलेक्टिव्ह? यादीत दोन्ही शेजारी-शेजारी छापलेले असतात आणि मुलं हमखास गल्लत करतात. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दोन-चार क्रेडिटचा सुटा पेपर, संपला की संपला. मायनर अनेक सत्रं चालतो आणि गुणपत्रकावर तसा दिसतो. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांतूनच मेजर-मायनर ठरवतात. तुमच्या कॉलेजात तसं असेल तर हा विषय तिने पहिल्याच वर्षी घेतलेला हवा. कॉलेजचं परिपत्रक आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम, दोन्ही कागद हातात घेऊन वाचा. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नका.

आता मामांचं म्हणणं. राज्यघटना आणि राज्यव्यवस्था एमपीएससीला लागते, यात वाद नाही. पण ती सामान्य अध्ययनात सगळ्यांनाच वाचावी लागते, राज्यशास्त्राच्या मुलांनाही वेगळी. नुसत्या मायनरवर ती तयारी भागत नाही. मात्र एका बाबतीत मामांची शंका रास्त आहे, फक्त कारण दुसरं आहे. मुलीच्या मनात बी.एड. असेल तर पदवीला कोणते शालेय विषय होते ते तिथे पाहतात. दुसरी अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवायचा दुसरा शालेय विषय, निवडताना मराठी, इंग्रजी, इतिहास असा मायनर कामाला येतो. सिनेमा हा शालेय विषय नाही. शिक्षिका व्हायचं पक्कं असेल तर हा मायनर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. तसं नसेल तर घ्यायला हरकत नाही. हे तिलाच विचारा, आणि मामा समोर नसताना विचारा.

या विषयात शिकवतात काय? बहुतेकांना वाटतं कॅमेरा चालवायला. ते थोडंच असतं. मुख्य काम असतं पाहण्याचं आणि पाहिलेलं लिहिण्याचं, आणि त्याचा कणा म्हणजे शॉट ब्रेकडाउन. तीन मिनिटांचा एक प्रसंग घ्यायचा, दर कटला, म्हणजे शॉट बदलला की, थांबवायचा आणि वहीत रकाने भरायचे : शॉट क्रमांक, किती सेकंद, लाँग की मिड की क्लोजअप, कॅमेरा स्थिर की हलता, आवाज कुठून येतोय, कट नेमका कशावर पडला. सरासरी पाच सेकंदांचा शॉट धरला तर तीन मिनिटांत छत्तीस ओळी होतात आणि पहिल्या वेळी चार-पाच तास जातात. मग त्या छत्तीस ओळींवर दोन पानं लिहायची : हा प्रसंग ताणल्यासारखा का वाटतो, नायिका बोलत नसताना कॅमेरा तिच्यावरच का थांबला.

मुलं मार्क घालवतात ती इथेच. ती गोष्ट सांगत बसतात. "मग तो घरी येतो, आई रडते." परीक्षकाला गोष्ट ठाऊक असते. त्याला हवं असतं ते हे, की आई रडते तेव्हा कॅमेरा दाराबाहेर ठेवलाय, त्यामुळे आपण चोरून पाहतोय असं वाटतं. अशी वाक्यं लिहायला सहा महिने लागतात. एकदा जमली की अहवाल लिहिणं, बातमी लिहिणं, मुलाखतीत बोलणं, सगळ्यात फरक दिसतो. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, हे मामांच्या कानावर घाला.

इतिहासाचा एक पेपर असतोच : १९१३ सालचे फाळके, १९२९ ला कोल्हापुरात निघून १९३३ ला पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी, रशियन संकलनाचे (एडिटिंगचे) प्रयोग, दुसऱ्या महायुद्धानंतरचा इटालियन सिनेमा. तो पाठ करून पास होता येतं. बाकी त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

अर्थशास्त्राबरोबर हा मायनर मला विशेष आवडतो, आणि त्याचं कारण तुमच्यापासून फार लांब नाही. चित्रपट वितरणासाठी देशाचे सर्किट, म्हणजे विभाग, पाडलेले आहेत. खानदेश येतो सीपी-बेरार सर्किटमध्ये आणि सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या चित्रपट व्यावसायिकांच्या संघटनेचं मुख्यालय आहे भुसावळला. सिनेमाची रिळं पेट्यांतून जायची, त्या काळात रेल्वेचं जंक्शन म्हणजे वितरकाची अर्धी सोय. आता चित्रपट डिजिटल फाइलने येतो आणि ठरलेल्या खेळांपुरताच उघडतो. मग वितरकाचं काम काय उरलं? तालुक्याच्या गावातलं एकपडदा थिएटर बंद का पडलं : खुर्च्या किती, तिकीट किती, वीजबिल किती, वितरकाचा वाटा किती? यात्रेतल्या तंबू टॉकीजचा हिशोब कसा जमायचा? अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोट्यवधी व्ह्यू मिळतात, त्यातले पैसे गायकाकडे किती जातात आणि चॅनेलच्या मालकाकडे किती? यातला एक प्रश्न घेऊन पंधरा-वीस माणसांना भेटून केलेला प्रकल्प अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनाही दाखवता येईल. पुण्या-मुंबईच्या मुलाला हे साहित्य सहज मिळत नाही. तिला एसटीच्या तिकिटात मिळेल.

प्रकाश शिकायचा असेल तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरातलं संग्रहालय एकदा पाहून यावं. मोजक्या वस्तू टेबलावर मांडून, दिव्याच्या जागा बदलत त्यांनी उभी केलेली दृश्यं पाहिली की महागडा कॅमेरा हवाच, हा हट्ट थोडा कमी होतो.

कॉलेजात चौकशी करताना "विषय चांगला आहे का" असं विचारू नका, चांगलाच म्हणतील. विचारा : शिकवणार कोण, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर? नव्या विषयांना बहुधा तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात आणि नेमणूक लांबली की तासही लांबतात. चार क्रेडिटच्या लेखी पेपरला एका सत्रात ६० तास व्हायला हवेत, ते दीड महिन्यात कोंबले तर चित्रपट दाखवायला वेळच उरत नाही आणि नोट्स वाटून काम भागवतात. प्रात्यक्षिकाला एका क्रेडिटमागे ३० तास असतात, तेव्हा प्रात्यक्षिक आहे का, कुठल्या खोलीत, किती संगणकांवर, हे डोळ्यांनी बघा. आणि पुरेशी मुलं जमली नाहीत तर विषय बंद होणार का, हेही आधीच विचारा. मध्येच मायनर बदलला तर आधीच्या सत्राचे पेपर नव्याने भरून काढावे लागतात, पोरं तिथे अडकतात. एखादा पेपर 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरून करायचा असेल तर नोंदणीआधीच कॉलेजची लेखी मंजुरी घ्यावी. कोर्स पूर्ण करून मग क्रेडिट मागायला गेलं की "हा आमच्या यादीत नाही" असं उत्तर मिळतं.

पुढच्या वाटा थोडक्यात. जनसंवादाच्या एम.ए.ला साधारण कुठलीही पदवी चालते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या दिग्दर्शन, संकलन अशा अभ्यासक्रमांनाही पदवी लागते, मायनर लागत नाही, पण प्रवेश परीक्षेला वर सांगितलेली पाहण्याची सवय उपयोगी पडते. मात्र सरकारी जाहिरातीत "पत्रकारितेतील पदवी किंवा पदविका" असं लिहिलेलं असेल तर तिथे मायनर चालेल असं धरून बसू नका. लहान कामं पदवी चालू असतानाच मिळू शकतात : आकाशवाणीचं नैमित्तिक काम, शेतीविषयक व्हिडिओंची संहिता, अहिराणीचे मराठी-इंग्रजी सबटायटल.

आता खर्च. कॅमेरा घेऊ नका. पहिली दोन वर्षं घरातला फोन पुरतो. घ्यायचंच तर हजार रुपयांच्या आतबाहेरचा कॉलरला लावायचा माइक घ्या. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये चित्राआधी आवाज फसतो : माणूस सहा फुटांवर बोलतो आणि फोन पंख्याची घरघर टिपतो. फोनमध्ये मॅन्युअल व्हिडिओची सोय असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवायला सांगा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. १०८०पी चित्रीकरणाला मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी जागा लागते, म्हणून केळी भरायच्या दिवशी रावेरला शूटिंगला निघण्याआधी फोन रिकामा करायला हवा. आणि मे महिन्यात भर दुपारी शूटिंग नको, फोन तापून बंद पडतो. कोणाचं गाणं वापरलं तर यूट्यूब आपोआप कॉपीराइटचा दावा लावतं, गायक ओळखीचा असला तरी परवानगी लेखी घ्या.

लॅपटॉपचं तिसऱ्या वर्षी बघा. डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शिकायला पुरेशी आहे, पण ती ८ जीबी रॅमवर अडखळते, १६ जीबी हवी. तोवर कॉलेजच्या संगणकावर भागवू द्या. दुकानदार गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारायला बघेल, त्याला एवढंच विचारा की रॅम नंतर वाढवता येते का.