बेडूक पोटाने पाणी पितो

प्रश्न : मुलाच्या हट्टापुढे हात टेकले आणि आम्ही ‘व्हाइट्स ट्री फ्रॉग’ घरी आणला. आणला तेव्हा छान पोपटी होता. हल्ली तपकिरी दिसतो, दिवसाही पाण्याच्या भांड्यात बसून राहतो आणि खाणं कमी झालंय. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच देते. काचेची टाकी खिडकीपाशी आहे, दिवसातून चारदा फवारा मारते. काय बदलू?
— एक आई, डलास

उत्तर : रंगाची काळजी सोडा. हा बेडूक गारठला, घाबरला किंवा तपकिरी फांदीवर झोपला तरी रंग बदलतो. मला खटकलं ते त्याचं पाण्यात बसणं. निरोगी व्हाइट्स दिवसा उंचावर, पाय पोटाखाली घट्ट दुमडून झोपलेला असतो आणि अंधार पडला की खाली उतरतो. दिवसाढवळ्या भांडं सोडत नसेल तर टाकीत उकाडा असेल, हवा कोरडी असेल, नाहीतर त्वचेचं दुखणं सुरू झालं असेल.

आधी पाणी बघू. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूला, मांड्यांच्या मध्ये पातळ त्वचेचा एक भाग असतो. तो ओल्या जागी टेकवून बेडूक बसला की पाणी तिथून आत जातं, आणि पाण्यात जे मिसळलेलं असेल त्यातलं बरंच काही सोबत जातं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बराचसा निघून जातो, हे तुमचं बरोबर. पण अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरतात आणि ते असं रात्रीत जात नाही. मत्स्यालयाच्या दुकानात वॉटर कंडिशनर, म्हणजे पाण्यातली ही रसायनं निष्प्रभ करणारं द्रावण मिळतं. क्लोरामाइनवर चालतं असं बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या. शुद्ध म्हणून डिस्टिल्ड पाणी मात्र भांड्यात ओतू नका. त्यात क्षार नसतात, त्यामुळे बेडकाच्या अंगातले क्षार बाहेर झिरपायला लागतात. भांडं रोज रिकामं करून गरम पाण्याने घासायचं, साबणाचा थेंबही नको.

आता टाकी. ती आजच खिडकीपासून हलवा. टेक्सासचं ऊन काचेवर पडलं की आतली हवा बघता बघता तापते. दिवसा 24 ते 28 अंश सेल्सिअस आणि रात्री 20-21 पुरे. एक थर्मामीटर वर लावा, एक खाली. चार फवारे जास्त झाले. हा बेडूक मूळचा उत्तर आणि पूर्व ऑस्ट्रेलियाचा आणि दक्षिण न्यू गिनीचा. त्याच्या मुलखात कोरडे महिनेही असतात, तेव्हा तो घरांच्या पाण्याच्या टाक्यांत आणि न्हाणीघरांत आसरा घेतो. सतत चिंब राहणं त्याला मानवत नाही. संध्याकाळी एकदा फवारा मारा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानं सुकलेली दिसली पाहिजेत. झाकण जाळीचं हवं. कोंदट ओलाव्यात जंतू माजतात.

आज रात्री टॉर्च घेऊन बाहेरून काचेतूनच त्याचं पोट आणि मांड्यांची आतली बाजू बघा. लाली दिसली तर थांबू नका, उभयचर तपासणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जा. कात टाकणं आणि ती खाऊन टाकणं हा नेहमीचा प्रकार आहे, पण त्वचेचे तुकडे सारखेच सुटत असतील किंवा बेडूक पाय फाकवून सपाट पडत असेल तर कायट्रिड बुरशीची तपासणी करून घ्या. ओला बोळा त्वचेवर फिरवून नमुना घेतात, बेडकाला इजा होत नाही. या बुरशीला 1999 साली शास्त्रीय नाव मिळालं. जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती तिने संपवल्या आहेत. ती त्वचेतून होणारी क्षारांची ये-जा बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. वेळेत कळलं तर इट्राकोनाझोल या बुरशीनाशक औषधाच्या पातळ द्रावणात रोज थोडा वेळ ठेवून बेडूक बरे होतात. तपासणीचा निकाल येईपर्यंत टाकीतलं पाणी अंगणात फेकू नका, ब्लीच घालून मगच टाका. तुमच्या परसात रानातले बेडूक आहेत, त्यांना हे दुखणं लागायला नको.

प्रश्न : आमचा बेडूक खायला झेपावतो, पण क्रिकेट, म्हणजे रातकिडा, निसटतो. जीभ पोचतच नाही असं वाटतं. भूक भरपूर आहे.
— एक वाचक, शिकागो

उत्तर : तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. भूक असून नेम चुकतो तेव्हा मी आधी व्हिटॅमिन ए कमी पडतंय का ते बघते. त्याच्या अभावी जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या पेशी बदलतात, चिकटपणा जातो आणि जीभ लागूनही किडा सुटतो. रातकिडे नुसते दिले तर पोट भरतं पण पोषण होत नाही. त्यांच्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी. म्हणून बेडकाला देण्याआधी दिवसभर रातकिड्यांना पालेभाज्या, गाजर असं खायला घाला. मग झाकणाच्या डब्यात पावडर टाकून, लाडू खोबऱ्याच्या किसात घोळवतात तसे ते हलकेच घोळवून घ्या. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी-3 ची पावडर नेहमीची, मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा. त्याच्या लेबलवर रेटिनॉल किंवा व्हिटॅमिन ए ॲसिटेट असं लिहिलेलं हवं. ज्यापासून शरीराला व्हिटॅमिन ए बनवावं लागतं त्या नुसत्या बीटा कॅरोटिनवर मी विसंबत नाही. उरलेले जिवंत किडे रात्री टाकीत ठेवू नका, ते झोपलेल्या बेडकाला चावतात.

व्हिटॅमिन ए अंदाजाने जास्त देऊ नका, त्याचाही अपाय होतो. आत्ता लक्षणं दिसत आहेत, तेव्हा डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. त्यांना खालचा जबडाही तपासायला सांगा. तो मऊ लागला किंवा बाजूने वाकडा दिसला तर हाडांतलं कॅल्शियम उतरतंय. अशा बेडकाला जाळीवरून मंद यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा मिळाला पाहिजे. काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, त्यामुळे खिडकीतल्या उजेडाचा इथे उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या व्हाइट्स बेडकाच्या डोळ्यांवर कातडीची घडी पडायला लागली आहे. गोंडस दिसतो, पण हे बरं आहे का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : या जातीत थोडी घडी असतेच. ती डोळ्यावर किंवा कानाच्या पडद्यावर लोंबायला लागली की वजन वाढलंय असं समजा. पूर्ण वाढलेल्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदाच खायला द्या. वॅक्सवर्म (चरबीदार अळ्या) बंद करा, उंदराची पिल्लं तर नकोच. स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन करू नका, सॅल्मोनेला जंतूंची भीती असते. त्याच्यासाठी वेगळा काटा घ्या आणि दर महिन्याला वजन वहीत लिहा. बेडूक आजार लपवतो, पण वजन खरं काय ते सांगतं.

प्रश्न : आमच्या न्हाणीघरात भिंतीला चिकटून एक तपकिरी बेडूक राहतो. लेक म्हणते, काचेच्या पेटीत ठेवूया.
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : लेकीला सांगा, पेटीची गरज नाही, तो आहे तिथे मजेत आहे. कोकणात असा भिंतीवरचा बेडूक बहुधा आपला साधा झाडबेडूक, पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस. बाहेर कोरडं पडलं की ओलाव्यासाठी घरात शिरतो आणि झुरळं-किडे फस्त करतो. रानातला जीव पकडून काचेत कोंडला की तो काचेवर धडका देऊन नाक सोलून घेतो, खाणं सोडतो. तुम्ही एवढंच करा : तो बसतो त्या बाजूला फिनेल आणि ॲसिड टाकू नका, आणि बादलीत पडला तर बाहेर येता यावं म्हणून काठी टाकून ठेवा. पावसाळ्यात विहिरीच्या किंवा डबक्याच्या काठावर, पाण्याच्या वर लटकलेला फेसाचा गोळा दिसला तर लेकीला दाखवायला न्या. त्यात अंडी असतात आणि पिल्लं खाली पाण्यात टपकतात. हे पेटीत बघायला मिळणार नाही.

प्रश्न : डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला जातोय. शेजारी पाणी बघतील म्हणाले. बेडकाचं कसं करावं?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : निघताना आपण सगळेच हीटिंग खाली आणतो. यंदा तसं करू नका. घर 55 फॅरनहाइटवर, म्हणजे 13 अंशांच्या आसपास आलं तर बेडकाचं पचन थांबतं आणि पोटातलं अन्न कुजतं. शेजारी तयार असतील तर टाकी उचलून त्यांच्याच घरी ठेवा, ते सगळ्यात चांगलं. हीट मॅट थर्मोस्टॅटला जोडून टाकीच्या बाहेरून बाजूला लावा, तळाखाली नको.

खाणं आठवड्यातून दोनदा. प्रत्येक वेळचं खाणं वाट्यांत मोजून, वर वार लिहून ठेवा, नाहीतर प्रेमापोटी रोज भरवतील. एखादं जेवण चुकलं तर बिघडत नाही, पाण्याचं भांडं मात्र रोज बदललं गेलं पाहिजे. कंडिशनर घातलेल्या पाण्याचे कॅन भरून, वर खूण करून ठेवा. हात धुवायला सांगा, आधी आणि नंतर दोन्ही वेळा, आणि आधी धुताना साबण पूर्ण निघाला पाहिजे. निघण्यापूर्वी त्यांच्यासमोर एकदा सगळं करून दाखवा आणि डॉक्टरांचा नंबर टाकीवर चिकटवा.